बारा वाजताची वाचनं

६ जानेवारी

स्वयंसेवक क्र. ३१७ यांस,

तुम्ही भरून पाठवलेले साठ तक्ते मिळाले. अक्षर स्वच्छ आहे, एकही रकाना रिकामा नाही. पडद्यावर काम जमत नाही म्हणून टपालाने छापील प्रती मागवणारे आमच्याकडे अकरा जण आहेत. मुदतीच्या आधी काम परत करणारे तुम्ही एकटेच.

तरीही तक्ते परत पाठवते आहे. कारण असं.

जुन्या जहाजांच्या नोंदवह्यांमधून आम्ही वारा, तापमान आणि हवेचा दाब उतरवून घेतो. त्या काळी भर समुद्रात मोजणारं दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळे तिथली तेव्हाची हवा कळायला या वह्या सोडल्या तर दुसरा मार्ग नाही. प्रत्येक पान तीन स्वयंसेवकांकडे वेगवेगळं जातं. तिघांचं जुळलं की ते पक्कं. तुमच्या साठ पानांवरचा वारा, तापमान आणि शेरे बाकीच्या दोघांशी जुळतात. दाबाच्या रकान्यात मात्र सेहेचाळीस ठिकाणी तुमचा आकडा वेगळा आहे. मूळ पानं मी स्वतः पाहिली. बाकीचे दोघे बरोबर आहेत.

नियम एकच आहे. जे लिहिलंय तेच उतरवायचं, चुकीचं वाटलं तरी. ती सेहेचाळीस वाचनं पुन्हा पाहावीत. त्यांच्यापुढे पेन्सिलीने खूण केली आहे.

— तपासनीस


१७ जानेवारी

तपासनीसबाई,

शाळा सुटून पासष्ट वर्षं झाली, तरी खुणा केलेली वही परत आली की ती आधी पाठीमागे लपवावीशी वाटते. सूनबाईने पाकीट बघितलं आणि विचारलं, "बाबा, पालकांची सही हवी आहे का? मी करू?" तिला थट्टेला माझ्याइतकं हक्काचं गिऱ्हाईक दुसरं नाही.

वय एक्याऐंशी. खिडकीशी टेबल, टेबलावर पितळी मुठीचं भिंग. चष्म्यावर भिंग धरून वाचतो, म्हणजे एका डोळ्याला दोन काचा आणि तरी एकाचा सात होतो. म्हाताऱ्याचे डोळे, दुसरं काय? तुम्ही बाकीच्या दोघांचे आकडे धरा, माझे सोडून द्या. एवढ्याशा दशांशाने सत्तावन्न वर्षांपूर्वीचं कुठलं वादळ अडणार आहे?

पण एक सांगा, तुम्ही शेऱ्याचा रकाना वाचता का हो? की नुसतेच आकडे? दुपारच्या पाळीतलं ते उभं, सुटं अक्षर बघा. प्रत्येक आकडा फूटपट्टी लावून उभा केल्यासारखा. आणि त्याच अक्षरात शेरा काय, तर "बटाटे संपले. आचाऱ्याच्या तक्रारी पुरेशा शिल्लक आहेत." किंवा ती मांजर. तीन दिवस सगळं जहाज शोधत होतं आणि शेवटी पिठाच्या कोठीत सापडली, पांढरीफटक. वहीत एक ओळ, "मांजर सापडली." बस्. वाचून मी एकटाच इतका हसलो की सूनबाई पाणी घेऊन आली.

पुढची पानं पाठवा. जपून भरीन.

— ३१७


२५ जानेवारी

स्वयंसेवक क्र. ३१७ यांस,

मला बाई म्हणू नये. तपासनीस पुरे.

डोळ्यांचं कारण मला पटत नाही. सेहेचाळीसच्या सेहेचाळीस ठिकाणी तुमचा आकडा मूळ आकड्यापेक्षा बरोबर १.४ मिलिबारने कमी आहे. कुठे १.३ नाही, कुठे १.५ नाही. या जहाजावर दाब दिवसातून चारदा नोंदला जात असे. सकाळी आठ आणि रात्री आठची वाचनं थर्ड ऑफिसरची, दुपारी बारा आणि रात्री बाराची सेकंड ऑफिसरची. तुमचे सगळे फरक बाराच्या वाचनांत आहेत. आठच्या वाचनांत एकही नाही. आणि पहिला फरक ९ मार्चच्या दुपारचा. त्याआधी सगळं जुळतं.

डोळे वेळापत्रक पाळून चुकत नाहीत.

दुसरं. मांजर सापडल्याची नोंद २१ फेब्रुवारीच्या पानावर आहे. ती पिठाच्या कोठीत सापडली हे पानावर नाही. मी मूळ पान दोनदा पाहिलं. ती पांढरी झाली होती हेही नाही.

तुम्ही या जहाजावर होतात का? असल्यास पुढील माहिती कामासाठी हवी आहे: बॅरोमीटर कुठे टांगलेला होता, सेकंड ऑफिसर तो कसा वाचत असत, आणि १.४ म्हणजे काय.

— तपासनीस


८ फेब्रुवारी

तपासनीस,

पिठाने घात केला म्हणायचा.

होतो. तुमच्या यादीत त्या जहाजाचं नाव दिसलं तेव्हाच अर्ज भरला. अर्जात "पूर्वानुभव" असा रकाना होता, तिथे मी "नाही" लिहिलं. ते पहिलं खोटं. मी तिथला थर्ड ऑफिसर, चोवीस वर्षांचा. आठची वाचनं माझी.

बाराची पंतोजींची. सेकंड ऑफिसर माझ्याहून चार वर्षांनी मोठा, पण कुणाचंही घरी जाणारं पत्र दिसलं की ऱ्हस्वदीर्घ सुधारल्याशिवाय पाकिटात जाऊ द्यायचा नाही. म्हणून पंतोजी. आचाऱ्याने एकदा बायकोला लिहिलेलं पत्र त्याने इतकं सुधारलं की तिने उलट टपाली विचारलं, "हे कुणाकडून लिहून घेतलंत?" मला तो धांदरट म्हणायचा. सगळं जहाजच म्हणायचं, पण नाव त्याने ठेवलेलं. चहा घेऊन चाललेला मी पोचायच्या आत चहा पोचायचा.

एकाच खोलीत दोन फळ्यांवर झोपायचो, तो वर, मी खाली. त्याची पाळी संपेपर्यंत माझी झोप होत आलेली असायची, म्हणून आम्ही खरे भेटायचो ते दुपारी चारनंतर, मालाच्या कोठाराच्या झाकणावर. चिंध्यांचा चेंडू करून खेळायचो. चेंडू समुद्रात गेला की खेळ संपला. एका आठवड्यात आम्ही जहाजावरच्या सगळ्या चिंध्या संपवल्या, तेव्हा कॅप्टनने नोटीस लावली: "यापुढे कपड्यांना चिंध्या समजू नये."

बॅरोमीटर नकाशांच्या खोलीत, दारातून शिरलं की डाव्या भिंतीवर. माझ्या नाकाइतका उंच, त्याच्या खांद्याइतका. वाचायच्या आधी तो काचेवर नखाने दोनदा टकटक करायचा, मग श्वास रोखून वाचायचा. म्हणायचा, काचेवर वाफ बसली तर दशांश पुसला जातो. मी कधी श्वासबीस रोखला नाही. माझा दशांश अंदाजाने यायचा.

त्या १.४ चं पुढच्या पत्रात लिहितो. पानं मात्र पाठवा.

— ३१७, उर्फ धांदरट


१५ फेब्रुवारी

स्वयंसेवक क्र. ३१७ यांस,

एप्रिल ते जूनची पानं सोबत आहेत.

बॅरोमीटरची उंची आणि वाचण्याची पद्धत नोंदवून घेतली. खालील गोष्टींचा खुलासा करावा.

१. ते काचेवर टकटक कोणत्या हाताने करत?

२. चेंडू खेळताना ते मोठ्याने हसत का?

३. १४ जूनच्या शेऱ्यात "रेनकोट उडून गेला, दुसरा मिळाला" असं आहे. दुसरा रेनकोट कोणत्या रंगाचा होता आणि तो त्यांना नीट बसत होता का?

४. १.४ म्हणजे काय?

सर्व माहिती कामासाठी आवश्यक आहे.

— तपासनीस


१ मार्च

तपासनीस,

रेनकोटच्या रंगाचा हवेच्या दाबाशी काय संबंध, हे मला कुणीतरी समजावून सांगा. सूनबाईला विचारलं. ती म्हणाली, "बाबा, त्या बाईंना तुमच्या गोष्टी आवडतात, एवढं साधं कळत नाही?" तर घ्या.

१. डाव्या. उजव्या हातात पेन्सिल असायची.

२. मोठ्याने? अहो, तो हसला की यंत्रघरातून माणसं वर येऊन विचारायची काय झालं. हसता हसता खाली बसायचा. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, मान खाली घालून, नुसता हलत राहायचा. असं हसणारं माणूस मी त्यानंतर बघितलं नाही.

३. पिवळा. लिंबासारखा झगझगीत पिवळा. तो माझाच. माझ्याकडे दोन होते, एक त्याला दिला. मी बुटका, तो ताडमाड. बाह्या कोपराच्या जरा खाली येऊन थांबायच्या. त्यात तो मुंज लांबलेल्या मुलासारखा दिसायचा. वाऱ्यात उभा राहून दोन्ही हात पसरायचा आणि ओरडायचा, "धांदरटा, उरलेला रेनकोट कुठाय?"

४. हे लिहायला घेतलं आणि कागद तीनदा फाडला.

२ ऑक्टोबरला एका बंदरात तो उतरला. एक पेटी, बगलेत रेनकोट. हवामान कचेरीचं पत्र आलं होतं की या जहाजावरची बाराची वाचनं सतत चढी येतात, आठची बरोबर येतात. बॅरोमीटर एकच, म्हणजे दोष वाचणाऱ्याचा. त्याच्याकडून वही काढून घेतली. कॅप्टन म्हणाला, ज्याला भिंतीवरचा आकडा वाचता येत नाही तो मला खडक कसा दाखवणार? पंतोजीने पेटी उचलली. कठड्याशी मी उभा होतो. तो शिडीवरून उतरला आणि त्याने वर बघितलं नाही.

ही सत्तावन्न वर्षांपूर्वीची गोष्ट. कॅप्टन गेला, आचारी गेला, मांजर तर कधीच गेली. पंतोजीही आता नसणार. असता तर पंच्याऐंशीचा असता. मेलेल्या माणसांच्या दशांशाने कुणाचं काय बिघडतं?

मला वाटलं होतं, गुपचूप बसून त्याचे आकडे दुरुस्त करीन आणि कुणाला कळणार नाही. तुमच्याकडे तीन-तीन माणसं एक पान वाचतात हे मला ठाऊक नव्हतं. एप्रिल ते जूनची पानं कोरीच परत पाठवतो आहे. माझा नंबर दुसऱ्या कुणाला द्या.

— ३१७


२ एप्रिल

स्वयंसेवक क्र. ३१७ यांस,

तुमचा नंबर कुणाला दिलेला नाही.

महिनाभर लिहिलं नाही, कारण एक तपासणी चालू होती. त्या सात महिन्यांत त्याच समुद्रावर असलेल्या सहा जहाजांच्या आणि दोन बेटांवरच्या ठाण्यांच्या नोंदी मी काढल्या. जिथे ती जहाजं जवळून गेली तिथे दाब ताडून पाहिला. बाराची वाचनं वहीत लिहिल्यापेक्षा १.४ ने कमी असायला हवी होती. म्हणजे तुम्ही वही चुकीची उतरवलीत, पण हवा बरोबर उतरवलीत.

आता आमच्यापुढे दोन वाटा आहेत. वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर हवामान कचेरीने लाल शाईत लिहिलेलं आहे: "बाराचा वाचक बेभरवशाचा." फरकाचं कारण माहीत नसेल तर तो शेरा कायम राहतो आणि ९ मार्चच्या दुपारपासून २ ऑक्टोबरच्या दुपारपर्यंतची ४१५ वाचनं बाद होतात. कारण माहीत असेल, म्हणजे काय घडलं, कोणत्या दिवशी, कुणी पाहिलं हे सहीनिशी लिहून मिळालं, तर १.४ वजा करून चारशे पंधराही वाचनं घेता येतात आणि लाल शेरा रद्द होतो. नुसत्या माझ्या गणिताने तो रद्द होत नाही. यादी ३० एप्रिलला बंद होते.

हे झालं कामाचं. पुढचं लिहावं की नाही, यावर मी आठ दिवस विचार केला.

पंतोजी आहेत. पंच्याऐंशीचे आहेत. माझे आजोबा.

गोदामातल्या चारशे वह्यांमधून हे जहाज यादीत सगळ्यात वर मी घातलं. माझ्या प्रश्नांपैकी चौथा सोडून एकही कामाचा नव्हता. तेही खोटंच.

आमच्या घरी स्वयंपाकघराच्या दाराशी एक बॅरोमीटर आहे. रोज सकाळी सात वाजता आजोबा तो वाचतात, आकडा चिठ्ठीवर लिहितात, चिठ्ठी उपडी ठेवतात आणि हाक मारतात, "ये गं, वाच." मग मी वाचायचं, मोठ्याने सांगायचं. ते चिठ्ठी उलटतात. जुळलं तर "हं." नाही जुळलं तर दोघांनी पुन्हा. त्यानंतरच वहीत लिहायचं. माझ्याआधी हे काम बाबांकडे होतं, त्याआधी आजीकडे. मी सहा वर्षांची असल्यापासून वाचते आहे. शाळेत मला दशांश शिकवावे लागले नाहीत. नऊ वर्षांची असताना मी विचारलं होतं की तुम्हाला वाचता येतं तर मला कशाला बोलावता? ते म्हणाले, "दोन डोळ्यांवर भरवसा नाही, चार हवेत." मला तो खेळ वाटायचा. पुढे वाटलं, मला शिकवण्याची त्यांची रीत असेल. मी जे काही काम करते ते त्या चिठ्ठीवरून आलेलं आहे. एका पानाला तीन वाचक हा नियमही मीच घातला.

जहाज सोडल्यावर त्यांनी मुलांना सुतारकाम शिकवलं. तिथेही आपलं माप आपण पक्कं धरायचं नाही, शेजारच्याने मोजायचं, असा त्यांचा दंडक होता. खाली बसून हसताना मी त्यांना पाहिलेलं नाही. ते हसतात, पण उभ्यानेच.

रेनकोट आमच्याकडे दाराच्या मागे टांगलेला आहे. बाह्या आखूड आहेत. तो पिवळा होता हे मला तुमच्या पत्रातून कळलं. आता तो मळक्या कागदाच्या रंगाचा आहे.

त्यांची नजर जाते आहे, मधून. कडेचं दिसतं, समोरचं पुसट होतं. डॉक्टर म्हणाले, वर्षअखेरपर्यंत आकडे वाचता येणार नाहीत. बाकीचं ते चालवून घेतील.

मी त्यांना काहीही सांगितलेलं नाही. सांगायचं तर तुमच्या सहीचा कागद हाती आल्यावर सांगेन, नाहीतर नाही.

— तपासनीस


११ एप्रिल

मुली,

आता तुला तपासनीस म्हणवत नाही. अहो-जाहोही होत नाही, राग मानू नकोस.

वेगळ्या कागदावर लिहून, सही करून सोबत ठेवलं आहे. सूनबाईची साक्षीदार म्हणून सही घेतली. तिने वाचलं, पेन खाली ठेवलं आणि पहिल्यांदाच थट्टा केली नाही. त्यातला मजकूर असा:

"मी, त्या जहाजावरचा तेव्हाचा थर्ड ऑफिसर, लिहून देतो की ९ मार्च रोजी सकाळी दहाच्या सुमारास नकाशांच्या खोलीतल्या बॅरोमीटरची खुंटी ढिली झाली म्हणून मी तो भिंतीवरून काढला. जहाजाने हेलकावा खाल्ला आणि तो माझ्या हातून पडला. काच फुटली नाही. काढताना काटा १०११.६ वर होता, पुन्हा टांगल्यावर १०१३.० वर. हे मी कुणाला सांगितलं नाही. पुढच्या प्रत्येक बंदरात तो तिथल्या बॅरोमीटरशी ताडून बघणं माझं काम होतं. प्रत्येक वेळी तो १.४ ने चढा निघाला आणि प्रत्येक वेळी मी 'सारखा' असं लिहिलं. त्या संध्याकाळपासून माझ्या आठच्या वाचनांतून मी १.४ वजा करत होतो. सेकंड ऑफिसरने काटा दाखवत होता तेच लिहिलं. त्याचं एकही वाचन चुकलेलं नाही."

कचेरीसाठी एवढं पुरे. तुझ्यासाठी पुढे.

सांगायला मी गेलो होतो. त्याच दुपारी. तो काचेवर टकटक करून, श्वास रोखून वाचत होता. मध्ये बोलायचं नाही म्हणून दारात थांबलो. त्याने आकडा लिहिला, वळला आणि म्हणाला, "काय रे धांदरटा, आज काय फोडलंस?" थट्टेत. रोज म्हणायचा तसंच. आणि मी म्हटलं, "काही नाही." त्यानंतर खरं सांगायचं तर आधी ते "काही नाही" पुसायला हवं होतं. ते रोज थोडं मोठं होत गेलं.

वाटलं, निदान माझी वाचनं खरी लिहावीत, म्हणजे निम्मं पाप. त्या खऱ्या वाचनांनीच त्याला खोटं पाडलं. दोघांची चढी असती तर कचेरीने बॅरोमीटर बदलला असता. मी गप्प बसून केलं ते एक, आणि प्रामाणिकपणा दाखवून केलं ते त्याहून वाईट.

तो उतरल्यावर वही माझ्याकडे आली. दोन वर्षांनी "उत्कृष्ट वाचनांसाठी" म्हणून मला बक्षीस मिळालं. हे पितळी मुठीचं भिंग. त्यानेच तुझे तक्ते भरले. सोबत पाठवतो आहे. हे त्याचं आहे. डोळे अधू झालेत म्हणतेस, तर काही दिवस तरी उपयोगी पडेल.

तो जिवंत आहे हे वाचलं तेव्हा आधी आनंद झाला की भीती वाटली, मला सांगता येणार नाही. त्याला सांग, मी यायला तयार आहे. नको म्हणाला तर येणार नाही. काहीच बोलला नाही तर तेही कळव. मी आता हे "काही नाही" ओळखतो.

— धांदरट


२९ एप्रिल

धांदरट यांस,

हे नाव मी ठेवलेलं नाही. आजोबांनी सांगितलं, पत्रावर हेच लिही, नाहीतर त्याला कळणार नाही कुणाला आलंय.

तुमचं निवेदन दाखल झालं. चारशे पंधरा वाचनं काल यादीत गेली. लाल शेऱ्यावर रद्दची मोहोर मारून तारीख घातली आहे. त्याची छायाप्रत सोबत आहे.

आता क्रमाने सांगते.

निवेदन मी रविवारी दुपारी वाचून दाखवलं. ते खाटेवर बसले होते, हात गुडघ्यांवर. मी शेवटपर्यंत वाचलं. त्यांनी विचारलं, "किती म्हणालीस?" मी म्हटलं, एक पूर्णांक चार. "चढा?" चढा. मग ते उठून बाल्कनीत गेले आणि अर्धा तास आत आले नाहीत. मी चहा नेला. तो त्यांनी घेतला नाही. म्हणाले, "तुझी आजी एकतीस वर्षं रोज सकाळी हात पुसत पुसत यायची. कधी म्हणाली नाही की पुरे झालं." एवढंच. मला त्या वेळी तुमचा राग आला. तो पुष्कळ होता आणि अजून सगळा गेलेला नाही, हे तुम्हाला माहीत असलेलं बरं.

संध्याकाळी त्यांनी तुमचं पत्रही वाचायला सांगितलं. नंतर आधीची सगळी. मांजर, चिंध्या, आचाऱ्याची बायको. "उरलेला रेनकोट कुठाय" हेही वाचलं. मग ते आचाऱ्याच्या बायकोची नक्कल करत म्हणाले, "हे कुणाकडून लिहून घेतलंत?" आणि खाली बसले. खाटेवर नाही, जमिनीवर. हात गुडघ्यांवर, मान खाली. मी घाबरून धावले. ते नुसते हलत होते. शेजारची काकू दार वाजवून विचारून गेली, काय झालं.

भिंग त्यांनी हातात घेतलं, फिरवून पाहिलं, मुठीवरची अक्षरं कडेने बघून वाचली. म्हणाले, "परत पाठव त्याला. त्याने एप्रिल ते जून कोरं पाठवलंय ना? भरायला सांग. आणि म्हणावं, जे लिहिलंय तेच उतरव, माझे आकडे दुरुस्त करू नकोस. आयुष्यभर लोकांचं मी दुरुस्त केलं, माझं कुणी करायचं नाही." भिंग आणि पानं या पाकिटात आहेत. तुमच्या येण्याबद्दल मी विचारलं तेव्हा म्हणाले, "येताना चहा दुसऱ्या कुणाच्या हातात देऊन ये." हे हो समजावं. पत्ता पाठीमागे लिहिला आहे.

एक गोष्ट राहिली. ही कुठल्या रकान्यात घालावी मला कळत नाही.

सोमवारी सकाळी सात वाजता मी नेहमीप्रमाणे माझ्या खोलीच्या दाराशी उभी होते. स्वयंपाकघराच्या दाराशी टकटक ऐकू आली, दोनदा. मग काही वेळ शांत. ते कडेच्या नजरेने पाहतात म्हणून हल्ली वेळ लागतो. मग वहीचं पान उलटल्याचा आवाज आला, पेन्सिलीचा आवाज आला, वही मिटल्याचा आवाज आला. ते तसेच स्वयंपाकघरात गेले आणि त्यांनी चहाचं आधण ठेवलं.

चिठ्ठी नव्हती. त्यांनी मला हाक मारली नाही.

चोवीस वर्षांत आजारपणं आणि परीक्षा धरून असं कधी झालेलं नाही. मी तिथेच थोडा वेळ उभी राहिले. मग ते पाठमोरे असताना जाऊन वाचलं. श्वास रोखून. नंतर वही उघडून पाहिली.

तोच आकडा होता, दशांशासकट. मी त्यांना सांगितलं नाही.

— तपासनीस